ब्रेकचं पेडल खोल जाणं वेगळं, बसत जाणं वेगळं

‘ब्रेक खाली जातोय’ म्हटलं की समोरचा डोळे झाकून सांगतो, ‘लाइनमध्ये हवा असेल, काढून घ्या.’ हवा काढली जाते, नवं ब्रेक ऑइल पडतं, थोडे दिवस बरं चालतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न. उलटही होतं: लाइनमध्ये खरंच हवा असते आणि धडधाकट मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा पंप) भंगारात जातो. दोन्ही वेळा तक्रार एकाच शब्दांत सांगितलेली असते, म्हणून औषधही एकच दिलं जातं.

हवेचं प्रकरण बहुतेकांना ठाऊक आहे. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून पेडल मऊ, स्पंजसारखं लागतं आणि खोल जातं. पण जिथपर्यंत जातं तिथे थांबतं. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला आणि जुनं ऑइल उकळलं तरी असंच होतं, कारण वाफही दाबली जाते. कोरडं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषून घेतलेल्या ऑइलची हीच मर्यादा १४० पर्यंत उतरते. गॅरेजच्या कोपऱ्यात झाकण सैल ठेवलेल्या डब्यातलं ऑइल म्हणूनच मी गाडीत पडू देत नाही. सीलबंद डबा समोर फोडून घ्यावा.

खरा घोळ होतो तो ‘पंप मारून बघा’ या सल्ल्याने. पेडल भराभर दोन-तीनदा दाबलं की हवा असली तरी ते वर येतं, मागच्या ड्रममधले लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे अस्तर) लांब राहिले असले तरी येतं आणि मास्टर सिलिंडरचे रबर गेले असले तरी थोडा वेळ येतं. मग निदान कशाचं झालं? कशाचंच नाही. पंप मारून वर आलेलं पेडल दाबून धरलं की काय होतं, तेवढंच बघायचं.

गाडी सपाटीवर उभी करा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद. बूस्टरमधला (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम संपेपर्यंत पेडल काही वेळा दाबा. आता सिग्नलला दाबतो तेवढ्याच हलक्या जोराने दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा, पायाचा जोर कमी-जास्त न करता. पेडल जागेवर राहिलं, पण मऊ लागलं, तर हवेकडे वळा. पाय न हलवता पेडल हळूहळू फ्लोअरकडे बसत गेलं, तर दाब कुठून तरी निसटतोय. बाहेर कुठेही ओल नसेल, ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळीही उतरत नसेल, तर संशय सरळ मास्टर सिलिंडरवर.

‘टाकी तर फुल आहे, म्हणजे गळती नाही’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मास्टर सिलिंडरच्या आतला रबर झिजला की ऑइल त्याच्या कडेवरून मागे सरकतं आणि पुन्हा टाकीतच जातं. गळती आतल्या आत, पातळी जशीच्या तशी.

‘हलक्या जोराने’ हा शब्दही उगाच घातलेला नाही. या रबराची ओठासारखी कड ऑइलच्या दाबानेच भिंतीला चिकटते. जोरात लाथ मारली की झिजलेला रबरही कधी कधी घट्ट बसतो आणि मेकॅनिक म्हणतो, ‘साहेब, ब्रेक एकदम टाइट आहे.’ तोच रबर सिग्नलला हलक्या पायाखाली ऑइल सोडतो. म्हणून आधी हलकं दाबून बघायचं, मग जोरात.

चाचणी संपल्यावर पेडल दाबलेलं असतानाच इंजिन चालू केलं की ते जरासं खाली जातं. तो बिघाड नव्हे, बूस्टर चालतोय याची खूण आहे.

आपल्याकडच्या बऱ्याचशा छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पेडल खोल जातं, पण तिथे पोचल्यावर दगडासारखं कडक लागतं? हँडब्रेक चार-पाच खटके ओढून पुन्हा दाबा. पेडल वर आलं, तर मागच्या शूंचा (लायनर ज्यांवर बसवलेले असतात त्यांचा) अ‍ॅडजस्टर बघून घ्या. काम किरकोळ आहे.

आता दुरुस्ती. बंद लाइनमध्ये हवा आपोआप शिरत नाही. नुकतंच कॅलिपरचं (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) किंवा होजचं काम झालं असेल तर ठीक, नाहीतर आधी ओल शोधा: व्हील सिलिंडर, टायरची आतली बाजू, मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला जोडतो ती जागा. कॅलिपर डावे-उजवे अदलाबदल करून बसवले गेले तर हवा काढायचा निपल खाली येतो आणि हवा वरच अडकते. मग लिटरभर ऑइल ओतलं तरी पेडल मऊच. जुन्या गाडीत हवा काढताना पेडल पार फ्लोअरपर्यंत नेऊ नका. एरवी पिस्टन जिथे पोचत नाही, तिथला गंज रबराची कड खाऊन टाकतो. हवा काढायला गेलेली गाडी मास्टर सिलिंडर गमावून परत येते, ती अशी.

मास्टर सिलिंडरसाठी रबर किट स्वस्त मिळतं, पण आतली भिंत घासली गेली असेल तर नवे रबरही तसेच फाटतात. मी अख्खा नवा मास्टर सिलिंडर घालायच्या बाजूचा आहे, आणि तोही गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये धरून आतली हवा काढून. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत हवा तिच्या मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या डब्यात, अडकली असेल तर बऱ्याचदा स्कॅनर लावून त्याचे व्हॉल्व्ह चालवावे लागतात. रस्त्याकडेच्या गॅरेजात ते होईलच असं नाही. पेडल बसत जात असेल, तर गॅरेजपर्यंतही गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.