शेवट ओळखता आला म्हणून उत्कंठा फसत नाही

घरातली सत्ता आणि दहशत यांवर बेतलेला एखादा थरारपट आला की प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांमध्ये एक तक्रार हमखास वाचायला मिळते: ‘शेवट मध्यंतरापूर्वीच कळला, त्यामुळे सस्पेन्स उरलाच नाही.’ ही तक्रार करणारा प्रेक्षक रहस्य आणि उत्कंठा (म्हणजेच सस्पेन्स) यांची गल्लत करतो. ही गल्लत आता इतकी अंगवळणी पडली आहे की जाणकार म्हणवणारे समीक्षकही ती बिनदिक्कत करतात आणि त्यापायी चांगल्या कलाकृतींच्या वाट्याला नाहक नापसंती येते.

रहस्यकथा सर्वांच्या परिचयाची आहे. खून कोणी केला हे लेखक दडवून ठेवतो, धागेदोरे पेरतो आणि शेवटी उलगडा करतो. तो उलगडा आधीच हाती लागला तर प्रेक्षकाने कुरकुर करणे रास्तच आहे. अंधारे जिने, बंद दारे, काळजाचा ठोका चुकवणारे पार्श्वसंगीत हे सारे रहस्यकथेत आणि उत्कंठेच्या कथेत सारखेच असते आणि त्यावरून काहीही ठरत नाही.

खरा फरक प्रेक्षकाला किती सांगितले आहे, यात असतो. रहस्य त्याच्यापासून माहिती लपवते, तर उत्कंठा त्याला ती आधीच देऊन टाकते. टेबलाखालच्या बॉम्बचे चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचे उदाहरण प्रसिद्ध आहे: बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का बसतो, पण तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल तर पंधरा मिनिटे जीव टांगणीला लागतो. मात्र कौटुंबिक नाट्यात एवढ्याने भागत नाही, कारण तिथे धोका कोणापासून आहे हे धोक्यात असलेल्या माणसालाही बहुधा ठाऊक असते. त्याची कोंडी असते ती हे कोणाला सांगता येत नाही याची.

हिचकॉकच्याच ‘शॅडो ऑफ अ डाउट’ (१९४३) या चित्रपटात घरी पाहुणा आलेला मामा खुनी आहे हे भाचीला कळते आणि तिला ते कळले आहे हे मामालाही कळते. भावावर जीव टाकणाऱ्या आईला मात्र कशाचीच कल्पना नसते. पाहुण्यांनी भरलेल्या घरात भाची जिन्यावरून खाली येते. कठड्यावरून सरकणाऱ्या तिच्या हातात मामानेच दिलेली, एका मृत स्त्रीची अंगठी आहे. मामाची नजर त्या अंगठीवर पडते आणि शुभेच्छांचे दोन शब्द बोलायला उभा राहिलेला तो माणूस आपण उद्याच निघणार असल्याचे जाहीर करतो. तोंडातून एकही आरोप न निघता घरातली सत्ता या हातातून त्या हातात जाते आणि त्याच क्षणी आईच्या डोळ्यांत पाणी येते, म्हणून भाचीला पुढेही गप्पच राहावे लागते. या प्रसंगात प्रेक्षकापासून काहीही लपवलेले नाही. तो सर्व काही जाणतो म्हणूनच श्वास रोखून बसतो.

हातून घडलेला खून लपवणाऱ्या कुटुंबाची गोष्ट सांगणाऱ्या ‘दृश्यम’ने (मल्याळम २०१३, हिंदी २०१५) ही गल्लत आणखी वाढवली, कारण त्यात दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. प्रेत नेमके कुठे आहे हे शेवटपर्यंत राखलेले रहस्य आहे आणि बहुतेक प्रतिक्रिया त्याचेच कौतुक करतात. पण पोलीस धाकट्या मुलीला मारहाण करून बोलते करतात आणि घरामागचा खड्डा खणायला घेतात, तेव्हा पोटात गोळा येतो तो आपण माहितीत असल्यामुळे: मायलेकींनी प्रेत तिथे पुरलेले आपण पाहिलेले असते. चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना खड्ड्यात प्रेत नाही हे माहीत असते, त्यामुळे खणण्याच्या दृश्यातली धार थोडी बोथट होते. मुलीच्या चौकशीचे दृश्य मात्र तितकेच असह्य राहते, कारण शेवट माहीत असला तरी तिच्यावर पडणारा एकही फटका टळत नाही. दुसऱ्यांदा पाहताना जे टिकते ती उत्कंठा, अशी माझ्यापुरती कसोटी आहे आणि धक्क्यापेक्षा मी तिलाच अधिक मान देतो.

‘ती सरळ घर सोडून का जात नाही?’ ही तक्रारही याच गल्लतीतून येते आणि मला ती सर्वांत जास्त खटकते. प्रेक्षक सुटकेची वाट कोड्याच्या उत्तरासारखी शोधतो आणि ती पात्राला दिसत नाही म्हणून पात्राला मूर्ख ठरवतो. पैसा, मुले, नातेवाइकांचा विश्वास आणि घराची किल्ली हे सारे दुसऱ्याच्या मुठीत असताना दार उघडे असले तरी बाहेर पडता येत नाही, हे दाखवणे हाच अशा कथेचा विषय असतो.

याचा अर्थ अशा कलाकृतींना दोष देऊच नये असा नाही. प्रत्येक प्रसंगानंतर घरातल्या सत्तेचा तोल थोडा तरी हलला पाहिजे: कालपर्यंत गप्प असलेल्या कोणीतरी खोटे बोलायचे धाडस करावे किंवा एखादा साक्षीदार फुटावा. धाक दाखवणारा तीन वेळा त्याच सुरात गुरकावतो आणि समोरचा तीन वेळा तसाच मान खाली घालतो, अशा वेळी ‘संथ आहे’ ही प्रतिक्रिया अचूक असते आणि तिथे उत्कंठा फसलेली असते, मग शेवट कोणालाही ओळखता आलेला नसला तरी.