‘माणूस’ या अर्थाचा नॉर्डिक शब्द : उगम आणि विभक्तिरूपे

आइसलँडच्या भाषेत ‘माणूस’ या अर्थाचा शब्द चालवायचा झाल्यास एकवचनात प्रथमेला ‘माधुर’, द्वितीयेला ‘मन्न’, चतुर्थीला ‘मन्नि’ आणि षष्ठीला ‘मन्न्स’ अशी रूपे होतात, तर अनेकवचनात ‘मेन्न’, ‘मोन्नुम’ आणि ‘मन्ना’ ही रूपे येतात. वरवर पाहता हा निव्वळ अनियमितपणा वाटतो. प्रत्यक्षात यातील प्रत्येक विचित्र रूपामागे ध्वनिपरिवर्तनाचा एकेक नियम आहे.

शब्दाचे मूळ आदिजर्मानिक (इंग्रजी, जर्मन आणि नॉर्डिक भाषांची पूर्वज भाषा) ‘मन्न’ हे असून संस्कृत ‘मनु’ त्याचा सजातीय शब्द मानला जातो. म्हणजे ‘मानुष’मार्गे आलेला आपला ‘माणूस’ही याच गोतावळ्यातला ठरतो. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे आजच्या नॉर्डिक भाषांच्या मध्ययुगीन पूर्वरूपात, प्रथमेचा ‘र’ हा प्रत्यय लागताच त्याच्या आधीचा जोड ‘न्न’ बदलून घर्षक ‘ध’ (इंग्रजी ‘the’मधल्यासारखा) झाला आणि ‘मध्र’ हे रूप तयार झाले. हा बदल एकट्या या शब्दापुरता नव्हता: ‘दक्षिणेकडे’ या अर्थी ‘सुध्र’, पण ‘दक्षिणेकडून’ म्हणताना ‘सुन्नन’, ही जोडीही त्याच नियमाची आहे. जिथे ‘र’ नव्हता, तिथे ‘न्न’ टिकला. ‘मध्र एर मन्न्स गमन’, म्हणजे माणूस हाच माणसाचा आनंद, या ‘हावामाल’ नावाच्या जुन्या नॉर्स बोधपर काव्यातील ओळीत दोन्ही रूपे शेजारी दिसतात. पुढे व्यंजनानंतरच्या अशा ‘र’आधी ‘उ’ शिरला आणि ‘माधुर’ झाले.

अनेकवचनातील ‘ए’ त्याहूनही जुना आहे. मूळ प्रत्ययातल्या ‘इ’ने आधीच्या अक्षरातील ‘अ’ला आपल्याकडे ओढले आणि नंतर ती स्वतः लोपली, म्हणून ‘मेन्न’. ‘मोन्नुम’मध्ये हेच काम प्रत्ययातल्या ‘उ’ने केले.

स्वीडन, डेन्मार्क आणि नॉर्वेच्या प्रमाण भाषांत मध्ययुगाच्या उत्तरार्धात नामांची विभक्तिव्यवस्था ढासळली. हान्सा या उत्तर जर्मन व्यापारी शहरांच्या संघाच्या व्यापारामुळे आलेला निम्न जर्मन (उत्तर जर्मनीतील) भाषेचा दाट संपर्क हे त्याचे एक कारण मानले जाते. स्वराचा पालट मात्र टिकला. स्वीडिशमध्ये एकवचनी ‘मन्न’, अनेकवचनी ‘मेन्न’ आणि निश्चितता दाखवणारे उपपद शेवटी जोडून ‘मन्नेन’, ‘मेन्नेन’ अशी चारच मुख्य रूपे उरली. सैनिकांची किंवा खलाशांची संख्या सांगताना तर स्वीडिश माणूस ‘मेन्न’ही म्हणत नाही, ‘शंभर मन्न’ असेच म्हणतो. मेलेल्या षष्ठीचे अवशेष सामासिक शब्दांत सापडतात: ‘मन्नामिन्ने’, म्हणजे हयात माणसांच्या आठवणीतला काळ, यातील ‘मन्ना’ ही जुनी अनेकवचनी षष्ठीच होय.

अर्थाचा प्रवासही याला समांतर आहे. जुन्या नॉर्समध्ये हा शब्द स्त्री-पुरुष दोघांना लागू होता, म्हणूनच आइसलँडिकमध्ये आजही पुरुषाला ‘कार्लमाधुर’ आणि बाईला ‘क्वेनमाधुर’ म्हणता येते. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन या मुख्य भूमीवरील भाषांत तो ‘पुरुष’ आणि ‘नवरा’ या अर्थांकडे सरकला. स्वीडिश संसदेच्या अध्यक्षपदी 1991 मध्ये इंगेयर्ड ट्रूएडसन या पहिल्या महिला आल्या, तरी शेवटी हाच ‘मन्न’ असलेले ‘तालमन’ हेच पदनाम राहिले आणि महिला अध्यक्षांना उद्देशून बोलताना त्याआधी ‘श्रीमती’ या अर्थाचा ‘फ्रू’ जोडला जातो.