हिरवळीतलं टक्कल

मृगाच्या दोन सरी पडल्या की नाशिकच्या बंगल्यांपुढे दरवर्षी हेच दिसतं. फाटकाजवळ, उन्हाळाभर जिथे स्कूटर उभी असते, तिथलं गवत गेलेलं असतं आणि त्या टकलात दुधी, एकदांडी, गाजरगवत असं तण भराभर वर येतं. शेजारच्या दाट हिरवळीत मात्र एखादंच. वाऱ्याने बी तर सगळीकडेच पडतं, मग टक्कलच का?

बऱ्याच तणांच्या बारीक बियांना उजेड ओळखता येतो. फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य त्यांच्यात असतं. उघड्या मातीवरच्या उन्हातला तांबडा प्रकाश त्याला मिळाला की बी रुजायला लागतं. हिरवी पानं मात्र हा तांबडा प्रकाश शोषून घेतात. त्यांच्याखाली झिरपतो तो मुख्यतः त्यापलीकडचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाश. तो मिळाला की बी गप्प पडून राहतं. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथे 1952 मध्ये लेट्यूसच्या बियांवर हे दाखवलं गेलं. दोन्ही प्रकाश आलटूनपालटून दिले, तर शेवटी कोणता दिला यावर बी रुजणार की नाही ते ठरत होतं.

म्हणून दाट गवत हेच सगळ्यात चांगलं तणनाशक. लॉन कापताना गवताच्या पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग उडवू नका, सावली टिकते. आणि खोल खणणं तर टाळाच. मिशिगनमध्ये 1879 साली बाटल्यांत पुरलेल्या बियांपैकी काही 2021 मध्ये, म्हणजे 142 वर्षांनी रुजल्या! कुदळीचा प्रत्येक घाव अशा झोपलेल्या बियांना उजेडात आणतो.

लव्हाळ्याची गोष्ट वेगळी. तो मुख्यतः जमिनीतल्या गाठींतून येतो. वरून उपटला की पात हातात येते, गाठ खालीच राहते आणि पुन्हा फुटते. ओल्या मातीत खुरपं तिरकं घालून गाठीसकट काढा. ती काळपट गाठ चोळून पाहा, दिवाळीच्या उटण्यातल्या नागरमोथ्याचा वास येईल. तोच तो.

आता टक्कल भरायचं. आपली काळी माती दबली की दगड होते, म्हणून आधी सळईने बोटभर अंतरावर भोकं पाडा. पाणी द्या आणि दहा-पंधरा दिवस थांबा. वरच्या थरातलं तण उगवून येईल, ते नुसतं खरवडून काढा. मग हरळी लावा. द्राक्षबागेत हीच हरळी शेतकऱ्याला नको असते, कारण तिच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. आपल्याला नेमकं तेच हवंय. दोन-तीन पेरांचे तुकडे चार-चार इंचांवर, निदान एक पेर मातीत राहील असे खोचा. बी टाकणार असाल तर ते वाळूत मिसळून फेका आणि हाताने दाबा, खोल पुरू नका. कच्चं शेण टाळा, जनावराच्या पोटातून तणाचं पुष्कळ बी शाबूत बाहेर पडतं.

हे सगळं जून ते ऑगस्टमध्ये उरका, नाशिकच्या थंडीत हरळीची वाढ मंदावते. आणि स्कूटरखाली आधी दोन फरश्या टाका.