टिल्टरोटरची पाती दुमडतात, पण उघडल्यावर त्यांना धरून कोण ठेवतं?

टिल्टरोटर म्हणजे रोटर वर करून हेलिकॉप्टरसारखं उठणारं आणि मग तेच पुढं वळवून विमानासारखं उडणारं यंत्र. पण सुरुवात साध्या हेलिकॉप्टरपासून करू. सप्टेंबर 2025च्या पुरात बीड-धाराशिवकडं हेलिकॉप्टरनं माणसं बाहेर काढली. हेलिकॉप्टर आपल्याकडं कुठंही उतरलं तरी पाती पसरून निवांत उभं राहू शकतं, माळरानाला काय तोटा? त्यामुळं पाती दुमडायची गरज मराठवाड्यात बसून लवकर कळत नाही. ती गरज जहाजानं निर्माण केली. डेक अरुंद, खालचं हँगर त्याहून अरुंद, आणि विमानं मात्र जास्तीत जास्त हवीत.

विमानाचे पंख दुमडायची युक्ती पहिल्या महायुद्धाच्या आधीची. हेलिकॉप्टर जहाजावर गेल्यावर तीच पात्यांना लागू झाली. सुरुवातीला माणसं हातानं पिना काढून पाती मागं नेत. 1959 साली उडालेल्या सी किंगमध्ये हे काम हायड्रॉलिकवर आलं: पाच पात्यांपैकी चार मागं वळायची, पाचवं आधीच शेपटीवर असायचं. आपल्या नौदलाकडं सी किंग 1971मध्ये आलं. पुढं ध्रुव या देशी हेलिकॉप्टरच्या वेळी घडी घातल्यावरची रुंदी लहान जहाजांच्या हँगरला जास्त ठरली, आणि ते बनवणाऱ्या एचएएलला पातं दोन तुकड्यांत करायच्या मार्गानं जावं लागलं.

आता मूळ मुद्दा. पातं वळवायला बिजागरी आणि मोटर पुरते. पण उघडल्यावर तेच पातं अखंड असल्यासारखं वागलं पाहिजे. मिनिटाला 400 फेऱ्यांनी फिरणाऱ्या रोटरवर मध्यापासून 3 मीटरवर 1 किलो वजन ठेवलं, तर ते 500 किलोच्या वर ओढ देतं. ही झाली फक्त बाहेरची ओढ. त्याशिवाय पातं प्रत्येक फेरीत वर-खाली आणि पुढं-मागं वाकतं, पिळलंही जातं. बिजागरीची पिन आणि लॉकची पिन अशी जोडी असते. दोन्हींत अंतर जितकं कमी, तितका वाकवणारा भार प्रत्येक पिनेवर जास्त. अंतर वाढवावं तर हब, म्हणजे पाती जिथं जोडलेली असतात तो मधला भाग, जाडजूड होतं आणि हवेला अडवतं.

पिन नुसती भोकात जाऊन भागत नाही. उसाच्या ट्रॉलीच्या हुकात पिन सैल असली की रिकामी ट्रॉली सगळा रस्ता खडखडत येते, आणि भोक दिवसेंदिवस मोठं होत जातं. रोटरमध्ये तोच सैलपणा सेकंदाला सहा-सात वेळा आपटेल. म्हणून पिनेला टेपर देतात, म्हणजे ती टोकाकडं निमुळती करतात, किंवा आत गेल्यावर फुगणारी पिन वापरतात, म्हणजे खेळ उरत नाही. पण घट्ट बसलेली टेपर पिन निघताना हटून बसते. वाळूजला डाय-फिक्स्चर करणाऱ्याला हे सांगायला नको. घट्ट तर बसावी आणि खाऱ्या हवेत महिनाभर राहूनही सुटावी, या दोन्ही मागण्या एकाच पिनेकडून. शिवाय पिन पुरती बसली की नाही हे कळायला स्विच, आणि डेकवरच्या माणसाला दिसेल अशी खूण.

टिल्टरोटरचा इतिहास या गरजेपासून वेगळा सुरू झाला. अमेरिकेच्या बेल कंपनीचं एक्सव्ही-3 हे टिल्टरोटर 1955मध्ये उडालं आणि डिसेंबर 1958मध्ये त्यानं हवेत रोटर पूर्ण पुढं वळवले. एक्सव्ही-15 मे 1977मध्ये उडालं. दोन्ही प्रायोगिक, जहाजात मावायची सक्ती नव्हती. एप्रिल 1980मध्ये इराणमधली अमेरिकेची ओलीस-सुटकेची मोहीम फसली, लांब पल्ल्याच्या आणि वेगवान यंत्राची मागणी जोरात आली, आणि 1981च्या कार्यक्रमातून पुढं व्ही-22 ऑस्प्रे निघालं. ते मार्च 1989मध्ये उडालं.

ऑस्प्रेची घडी बघण्यासारखी आहे. दोन्ही रोटर ठरलेल्या कोनात थांबतात, एक पातं पंखाच्या रेषेत येतं, उरलेली दोन त्याच्याकडं वळतात. मग नॅसेल, म्हणजे पंखांच्या टोकांवरची इंजिन-रोटरची घरं, आडव्या होतात, आणि शेवटी अख्खा पंख स्टीलच्या कड्यावर 90 अंश फिरून धडाच्या रेषेत येतो. सगळं मिळून दीड मिनिटाच्या आसपास. 25 मीटरहून रुंद यंत्र साडेपाच मीटरच्या जवळ येतं. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचं लॉक बसल्याची खात्री लागते, नाहीतर पुढची हलत नाही. जहाजात मावायची किंमतही मोजावी लागली: 11.6 मीटर व्यासाचा रोटर उभ्या उड्डाणाला हवा तेवढ्याहून दीडेक मीटर लहान ठेवला गेला. माझ्या मते ऑस्प्रेच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या आकड्यात शोधावं.

हे सगळं मात्र जमिनीवर, रोटर थांबलेला असताना. हवेतच पाती दुमडून जेटवर पळायची कल्पना 1960च्या दशकातली. 1972मध्ये बेलनं 7.6 मीटर व्यासाचा असा रोटर कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रातल्या मोठ्या वायुबोगद्यात तपासला. इथं लॉकची गोष्ट पार बदलते. रोटर इंजिनापासून सोडवायचा, पाती वाऱ्याला धारेवर आणून फेरे थांबवायचे, हब चारी बाजूंनी डुलतं म्हणून आधी त्याचं डुलणं लॉक करायचं, मग पाती मागं नेऊन नॅसेलला चिकटवून अडकवायची. फिरताना जी ओढ पात्याला ताठ ठेवते, ती थांबताच जाते, आणि मऊ पडलेलं पातं वारा हलवतो. उतरताना हेच उलट्या क्रमानं. एखादं लॉक अर्धवट बसलं, तर डेकवरचा माणूस तिथं नसतो. प्रायोगिक विमानासाठी पुढं निवड झाली ती साध्या टिल्टरोटरची, यात नवल नाही.

अर्धशतकानंतर विषय परत आलाय. 2023मध्ये बेलनं दुमडणारा रोटर न्यू मेक्सिकोतल्या होलोमन तळावर रॉकेट-स्लेडवर, म्हणजे रुळांवरून रॉकेटनं पळणाऱ्या गाड्यावर, बसवून उड्डाणाच्या वेगात तपासला. 2025मध्ये अमेरिकेच्या डार्पा संस्थेनं स्प्रिंट या वेगवान, उभं उठणाऱ्या विमानाच्या कार्यक्रमाच्या पुढच्या टप्प्यासाठी याच कंपनीला निवडलं. उद्दिष्ट 400 ते 450 नॉट, म्हणजे ताशी 740 ते 830 किलोमीटर. संभाजीनगर-नांदेडच्या मेकॅनिकलच्या पोरांनी या प्रकल्पाच्या चित्रांत जेट इंजिनाकडं बघण्याआधी पात्याच्या बुडाकडं बघावं. तिथल्या पिनेचा आकार आणि ती बसल्याचं संगणकाला कळवणारा सेन्सर, अवघड गणित त्या दोन्हींत आहे.