आधी हजेरी, मग खानेसुमारी: नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

खरेदी समितीसमोरच्या तुलनातक्त्यात हल्ली झॅबिक्स, ओपीमॅनेजर, पीआरटीजी, सोलरविंड्स यांच्याच रांगेत ॲक्सोनियस आणि रनझीरो दिसतात. सगळ्यांना तेच प्रश्न विचारले जातात. अलर्ट येतो का, डॅशबोर्ड कसा आहे, अहवाल पीडीएफमध्ये निघतो का. पण पहिली चार आणि नंतरची दोन, ही दोन वेगळी कुळं आहेत. ‘चालू आहे का?’ हा पहिल्या कुळाचा प्रश्न, तो इंजिनिअरचा. ‘आपल्याकडे आहे तरी काय काय?’ हा दुसऱ्याचा, तो ऑडिटरचा. या दोघांची सोयरीक जुळायला तीसेक वर्षं लागली आणि ती जुळवली एकामागून एक बसलेल्या फटक्यांनी.

पहिल्या कुळाचा मूळ पुरुष म्हणजे पिंग. मेरीलँडमधल्या अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीचा सोनार जसा आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट बघतो, तसं इथे दुसऱ्या संगणकाकडे माहितीचं एक पॅकेट सोडायचं आणि उत्तर येतं का बघायचं. नावही त्या आवाजावरूनच पडलं. थोडक्यात, वर्गातली हजेरी.

पण हजेरीतून तब्येत कळत नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. अंतर म्हणाल तर ४०० यार्डांचं; चिठ्ठी घेऊन माणूस धावत गेला असता तरी लवकर पोचला असता. व्हॅन जेकबसन यांनी या कोंडीचा छडा लावला. पॅकेट कुठल्या वाटेने जातं ते दाखवणारं ट्रेसराउट त्यांचंच, आणि पॅकेट उघडून बघणाऱ्या टीसीपीडम्पमध्येही त्यांचा हात होता.

ऑगस्ट १९८८ मध्ये एसएनएमपीचा (सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांची खबर विचारण्याची ठरलेली पद्धत) प्रस्ताव आला. नावातच ‘सिंपल’. पुढे ओएसआय या आंतरराष्ट्रीय मानकाचा भारदस्त प्रोटोकॉल येणार, तोवर हे चालवून घेऊ, असा हिशेब होता. तात्पुरतं म्हणून ठोकलेलं पत्र्याचं शेड कायमचं होतं, तसंच झालं. रचना खरंच सोपी आहे. प्रत्येक राउटर, स्विच, प्रिंटर आपले आकडे क्रमांक दिलेल्या खणांत ठेवतो. मधला सर्व्हर पोर्ट १६१ या दारावर ठरावीक वेळाने ते विचारतो. काही बिनसलं तर उपकरण स्वतःच पोर्ट १६२ वर ओरडतं. परवलीचा शब्द बहुतेक ठिकाणी ‘पब्लिक’, आणि तोही तारेवरून उघडा जायचा. सांकेतिक रूपात पाठवण्याची सोय असलेली तिसरी आवृत्ती २००२ च्या डिसेंबरात पक्कं मानक झाली. तरी आजही कुठल्या तरी कोपऱ्यातला प्रिंटर ‘पब्लिक’ म्हटल्यावर इमानेइतबारे उत्तर देतो.

हे आकडे चित्रात उतरवले टोबी उटिकर यांनी. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाची बाहेरच्या जगाशी जोडणी एकाच ६४ केबीपीएस लाइनवर होती. ती किती तुंबली आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून १९९०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी एमआरटीजी हे आलेख काढणारं सॉफ्टवेअर लिहिलं. दर पाच मिनिटांनी एक मोजमाप, येणारा माल हिरवा, जाणारा निळा. त्या काळी सर्व्हर रूममध्ये बसलेल्या कुणालाही तो आलेख ओळखीचा वाटेल.

पुढची नावं भराभर येतात. १९९९ मध्ये नेटसेंट, जे २००२ पासून नागिऑस झालं. २००१ मध्ये लॅटव्हियातल्या अलेक्सेई व्लादिशेव यांचं झॅबिक्स मुक्त परवान्याखाली आलं. आपल्याकडचा धागा चेन्नईचा आहे. १९९६ मध्ये सुरू झालेली ॲडव्हेंटनेट उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना नेटवर्क व्यवस्थापनाची साधनं विकायची. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर तिने थेट संस्थांसाठी मॅनेजइंजिन (ओपीमॅनेजर याच घरचं) काढलं, आणि २००९ मध्ये ती झोहो झाली. म्हणजे झोहोचं माहेर ईमेल नव्हे, एसएनएमपी आहे.

या सगळ्यांची एकच मर्यादा: ज्याचं नाव हजेरीपटावर आहे त्याचीच हजेरी लागते. पत्त्यांचा पट्टा देऊन आपोआप शोध घेता येतो, पण पट्टा माणसानेच द्यायचा.

दुसरं कुळ मराठी सरकारी कार्यालयात किंवा शाळेत काम केलेल्यांना समजावून सांगायला नको. डेडस्टॉक रजिस्टर! खुर्ची, पंखा, संगणक, खरेदीची तारीख, निर्लेखनाची तारीख. संगणकांच्या बाबतीत ही नोंदवही गांभीर्याने उघडली गेली वायटूकेच्या, म्हणजे सन २००० उजाडताच संगणकांच्या तारखा चुकतील या धसक्याने, कारण दुरुस्त काय काय करायचं यासाठी आधी मोजणं भाग होतं. पण त्या यादीचा उपयोग मुख्यतः हिशेब आणि लायसन्सपुरता राहिला.

सुरक्षेशी तिचा संबंध २५ जानेवारी २००३ रोजी उघड झाला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालून आलेल्या एसक्यूएल स्लॅमर या आपोआप पसरणाऱ्या वर्मने दहा मिनिटांत, ज्यांना लागण होऊ शकत होती त्यातली बहुतेक यंत्रं गाठली. ती किमान ७५ हजार होती. त्रुटी बुजवणारा पॅच सहा महिने आधीच निघाला होता. गोम अशी की मायक्रोसॉफ्टचं तेच डेटाबेस इंजिन इतर अनेक सॉफ्टवेअरच्या पोटात दडून आलं होतं. आपल्या यंत्रावर एसक्यूएल सर्व्हर आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो पॅच कुठून लावणार?

२०१७ मध्ये दोन्ही कुळांचं अपयश एकाच घरात दिसलं. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीत सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. वेबसाइटच्या पोटात चालणाऱ्या अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीचा पॅच मार्चमध्ये आला होता, कंपनीने अंतर्गत सूचनाही काढली, पण हे सॉफ्टवेअर नेमकं कुठे कुठे चालतं याची पूर्ण यादी नव्हती. स्कॅन झालं, त्यातही ते सापडलं नाही. दुसरीकडे, सांकेतिक वाहतूक उघडून तपासणाऱ्या यंत्राचं डिजिटल प्रमाणपत्र कित्येक महिने आधीच संपलेलं. यंत्र चालू होतं, फक्त आंधळं होतं. जुलैच्या अखेरीस प्रमाणपत्र बदललं आणि संशयास्पद वाहतूक लगेच दिसली. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीला झोपवलं. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही अडकलं. मर्स्कला ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

याच सुमारास नवी जात जन्मली. ॲक्सोनियस २०१७ चं. ते मुख्यतः स्वतः दार ठोठावत नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (संस्थेतले संगणक आणि वापरकर्ते यांची मायक्रोसॉफ्टची नोंदवही), अँटीव्हायरस, क्लाउडची खाती, पॅचिंगचं सॉफ्टवेअर या सगळ्यांच्या याद्या ओढून ताळा करतं. डिरेक्टरीत आहे पण अँटीव्हायरसमध्ये नाही, असा लॅपटॉप त्यातून वर येतो. हल्ला करून सुरक्षा तपासणारं मेटास्प्लॉइट लिहिणाऱ्या एच. डी. मूर यांच्या रनझीरोचा मूळ मार्ग उलटा: कुणाचीच यादी गृहीत न धरता स्वतः फिरून दारं ठोठवायची. मला विचाराल तर कारखाना किंवा इस्पितळात दुसरी पद्धत अधिक कामाची, कारण तिथल्या निम्म्या यंत्रांवर एजंट (आतून माहिती पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) बसतच नाही. २०२१ पासून गार्टनर या संशोधन कंपनीने या गटाला सीएएएसएम (सायबर ॲसेट अटॅक सर्फेस मॅनेजमेंट) हे लांबलचक नाव चिकटवलं.

नियामकही मोजणीवर येऊन थांबले. रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ च्या चौकटीत बँकांसाठी आयटी मालमत्तेची यादी ही पायाभूत अपेक्षांमध्ये ठेवली. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा एटीएम व्यवहारांना मंजुरी देत होता तो हल्लेखोरांनी उभा केलेला समांतर प्रॉक्सी स्विच, म्हणजे मंजुरीची तोतया यंत्रणा. नागरी सहकारी बँकांसाठी टप्प्याटप्प्याची चौकट डिसेंबर २०१९ मध्ये आली. अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी खात्यांना दर ७ दिवसांनी उपकरणं आणि दर १४ दिवसांनी त्रुटी शोधायला सांगितलं.

त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, पहिल्या कुळाची उलटतपासणी झालेली होती. सोलरविंड्सच्या ओरायन या नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं हल्लेखोरांनी दूषित केलेलं अपडेट १८ हजारांपर्यंत ग्राहकांकडे पोचलं. नजर ठेवायची तर त्या सॉफ्टवेअरकडे साऱ्या उपकरणांच्या किल्ल्या लागतात. चोराला तेच हवं होतं. सिसाचा आदेश निघाला: ओरायन तोडा किंवा बंद करा. सुरक्षेसाठी चौकीदारालाच घरी पाठवण्याची पाळी.

तुलनातक्त्यातला सर्वांत बोलका रकाना मात्र लायसन्सचा. पीआरटीजी सेन्सर मोजतं, म्हणजे एका स्विचवर दहा गोष्टी बघायच्या तर दहा. ओपीमॅनेजर उपकरणं मोजतं, झॅबिक्स काहीच मोजत नाही, पैसे लागले तर सपोर्टचे. मालमत्तेची खानेसुमारी करणारी सॉफ्टवेअर मालमत्तेच्या संख्येवर दर लावतात. त्यामुळे कोटेशन मागवायला फोन केला की विक्रेत्याचा पहिला प्रश्न ठरलेला: तुमच्याकडे एकूण उपकरणं किती?