ठाण्याचे कापलेले रस्ते आणि जुने फोटो : पार्श्वभूमी

खाडीवरच्या कमानदार पुलावरून धूर सोडत गाडी चालली आहे आणि खाली ओळ आहे : 'देशातील पहिली रेल्वे, १६ एप्रिल १८५३'. जुन्या ठाण्याचा विषय निघाला की हे चित्र हमखास पुढे येते आणि ओळ तितकीच हमखास चुकीची असते. पहिली गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच थांबली. खाडी लागते ठाणे सोडल्यावर. तो पूल कल्याणच्या टप्प्यातला आणि कल्याणपर्यंतची वाहतूक सुरू झाली १ मे १८५४ ला. पुलावरची गाडी कोणतीही असो, पहिली नाही. फोटोखालच्या ओळीवर किती विसंबायचे ते इथेच ठरवून टाकावे. रस्तारुंदीकरणात कापल्या गेलेल्या ठाण्याच्या गल्ल्या जुन्या फोटोंतून शोधणाऱ्यांसाठी ही पार्श्वभूमी आहे.

एकोणिसाव्या शतकातले जे काही हाती लागते ते बहुतेक सरकारी किंवा पाद्री नजरेने टिपलेले आहे : पूल, चर्च, कचेरी. किल्ल्याचा १८३३ पासून तुरुंग झाला, त्यामुळे तटाच्या आतली दृश्ये जवळपास नाहीतच. त्या काळासाठी १८८२ चे जिल्हा गॅझेटियर फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडते. त्यात तळी, रस्ते, बाजार शब्दांत नोंदलेले आहेत. टेंभी नाक्याचे सिनेगॉग (१८७९) आणि मनोरुग्णालय (१९०१) यांचे फोटो भरपूर सापडतात, कारण इमारती टिकल्या आणि लोक त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढत राहिले. रस्त्यासमोर उभे राहून कोणी फोटो काढत नाही. अडचण तिथेच आहे.

ठाण्याच्या गल्ल्यांचा खरा साठा साधारण १९५५ ते १९९५ या काळातल्या घरगुती अल्बममध्ये आहे आणि तो जवळजवळ सगळा अपघाताने तयार झालेला आहे. मुंज, वरात, विसर्जनाची मिरवणूक, नवी स्कूटर, शाळेची प्रभातफेरी. सुरुवातीच्या रोलमध्ये आठ किंवा बारा फोटो असायचे, त्यामुळे नुसत्या रस्त्यावर एक फोटो खर्च करणे हा वेडेपणाच. रस्ता आला तो माणसांच्या मागे, थोडा अस्पष्ट, खांद्याच्या वरच्या पट्टीत. म्हणून अल्बम चाळताना चेहरे सोडून कडा पाहाव्यात.

त्यासाठी प्रिंटपेक्षा निगेटिव्ह मोलाची. अॅग्फा क्लिकसारख्या कॅमेऱ्याची चौकट चौरस, ६ × ६ सेंटीमीटरची. ती आयताकृती कागदावर छापली की वरचा-खालचा जवळपास तिसरा हिस्सा जातो. दुकानाची पाटी आणि पायऱ्या नेमक्या त्या कापलेल्या भागात असतात. ३५ मि.मी. रोलचे मशीनवर छापलेले साडेतीन बाय पाच इंची प्रिंटही चारही बाजूंनी थोडे थोडे खातात. स्टुडिओतून आलेल्या पाकिटातल्या 'त्या काळ्या पट्ट्या' रद्दीत गेल्या असतील तर अर्धी गल्ली तिथेच गेली.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नयेत. तो गोंद वर्षांनी पिवळा आणि कडक होतो. ओढले की कागदाचा थर मागे राहतो. प्लॅस्टिकचे आवरण उचलून पानासकटच स्कॅन करावे. काढणे भागच असेल तर दात साफ करायचा बारीक दोरा (फ्लॉस) फोटोच्या मागून करवतीसारखा हळू फिरवावा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच स्कॅन करायचा. पावसाळी दमटपणाने त्याचा वरचा जिलेटिनचा थर काचेला धरलेला असतो आणि सोडवायला गेले की चेहरा काचेवर राहतो. साडेतीन बाय पाचच्या प्रिंटला ६०० डीपीआय पुरे, चौरस छोट्या प्रिंटला १२००. 'ऑटो करेक्शन' बंद ठेवावे, कारण ते सावल्या उजळताना पाटीवरची पुसट अक्षरे पांढरी करून टाकते. मागची बाजूही स्कॅन करावी. लॅबचा शिक्का असला तर तो रोल धुतल्याचा महिना, फोटो काढल्याचा नव्हे. गणपती आणि दिवाळी एकाच रोलवर निघणे ही घरोघरीची रीत होती.

फोटो कधीचा, हे ठरवायला ठाण्यात काही पक्क्या खुणा आहेत. मासुंदा तळ्याच्या काठावर गडकरी रंगायतन दिसत असेल तर १९७८ किंवा नंतरचा. पाटीवर सहा आकडी पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचा. 'महानगरपालिका' लिहिलेले असेल तर ऑक्टोबर १९८२ नंतरचा, टीएमटीची (महापालिकेच्या परिवहन सेवेची) बस असेल तर १९८९ नंतरचा. एमएच-०४ ची, म्हणजे ठाण्याची, नंबरप्लेटही साधारण त्याच काळापासूनची. आठ आकडी फोन नंबर २००२ च्या पुढचा. मात्र या सगळ्या खुणा 'याच्या आधीचा नाही' एवढेच सांगतात. 'ठाणे नगरपरिषद' लिहिलेली पत्र्याची पाटी १९८२ नंतरही वर्षानुवर्षे गंजत लटकलेली असू शकते, म्हणून जुनी पाटी पुरावा नाही, नवी पाटी आहे. चित्र उलटे छापले गेले आहे का, हे पाटी नसेल तर पदरावरून, शर्टाच्या बटणांवरून, गाडीच्या स्टिअरिंगवरून पाहावे. सावलीवरून दिशा काढणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे : ठाण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. लग्नसराईतले फोटो इथे चकवतात.

हे झाले तयारीचे. पण ठाण्याच्या जुन्या फोटोंची 'आधीचे' आणि 'नंतरचे' अशी जी सरळ फाळणी झालेली दिसते, ती एका निर्णयाने झाली : नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातले रस्तारुंदीकरण. स्टेशन परिसर, नौपाडा, गोखले रोड या बाजूचे ज्यांनी पाहिले त्यांना ते सांगायला नको. त्या वेळच्या आयुक्तांचे नाव आजही कुणी भक्तीने घेते, कुणी दात चावून.

कायद्याने पाहिले तर त्यात नवे काही नव्हते. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची 'नियमित रेषा' ठरवता येते आणि पुढच्या कलमांखाली त्या रेषेच्या पुढे आलेले बांधकाम मागे घ्यायला लावता येते. रेषा कागदावर आधीपासून असायच्या. मालकाने इमारत पाडून नवी बांधायला घेतली की तेवढ्यापुरती ती मागे सरायची. म्हणजे रुंदीकरण व्हायचे, पण वेड्यावाकड्या दातांसारखे, एक इमारत आत आणि दोन बाहेर. तेव्हा ठरले ते असे की वाट पाहायची नाही, सलग कापत जायचे.

बाजूने बोलणारे म्हणतात, ते झाले नसते तर स्टेशनपर्यंत बस पोचली नसती. यात तथ्य आहे, आजची गर्दी पाहून तर नक्कीच. विरोधकांचे म्हणणे भरपाईवर अडते. कापलेल्या जागेच्या बदल्यात पैसे नव्हे तर उरलेल्या भूखंडावर वाढीव चटईक्षेत्र, हा मार्ग मालकाला पुढेमागे फायद्याचा. पण पागडीच्या दुकानदाराचा गाळा पंधरा फुटांचा आठ फूट झाला तर त्या चटईक्षेत्राचे त्याने काय करायचे? या वादावर बरेच बोलून झाले आहे. ज्यावर बोललेच जात नाही ती गोष्ट वेगळी : पंचनाम्यात फूट आणि चौरस फूट लिहिले जातात, दर्शनी भाग लिहिला जात नाही. ओटा किती उंच होता, गॅलरीचा कठडा लाकडी की बिडाचा, खांबांवर नक्षी होती का, याला रकाना नाही. कापण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक घराचा समोरून एक फोटो, एवढ्यानेही आजचे निम्मे काम वाचले असते. रुंदीकरण चुकले असे नव्हे. नोंद न ठेवता केले, हे चुकले, आणि ते भरून निघणारे नाही.

आता त्या कापाच्या खुणा फोटोत नव्हे, इमारतींच्या अंगावर वाचाव्या लागतात. जुनी घरे खणांच्या हिशेबाने बांधलेली. रस्त्याकडचा एक खण किंवा पडवी गेली की छपराचे आढे (माथ्यावरची तुळई) मध्यावर राहत नाही. छपराचे पुढचे पाखे (उतार) आखूड, मागचे लांब दिसते. शेजारच्या गल्लीत शिरून बाजूची भिंत पाहिली की जुने चुन्याचे प्लॅस्टर आणि समोरचा सिमेंटचा नवा तुकडा यांचा सांधा स्पष्ट दिसतो. जिन्याची पहिली पायरी थेट फुटपाथवर उतरते. दुकानात फरशीची नक्षीदार किनार तीन बाजूंना असते आणि शटरकडे नसते. विटांच्या आणि लाकडी तुळयांच्या घरांना हा काप फार काळ सोसला नाही; पुढची भिंत भार घेणारी होती, ती काढून लोखंडी टेकू दिले तरी तुळया झुकत गेल्या. कापलेल्या घरांपैकी कितीतरी पुढे पूर्णच पाडली गेली, त्याचे मूळ इथे आहे.

किती कापले, यावर भांडणे होतात. ताळा दोन प्रकारे घेता येतो. पहिला कागदाचा : ठाण्याच्या सिटी सर्व्हेत जागा शोधायची तर टिका (नकाशाचा भाग) क्रमांक आणि सिटी सर्व्हे क्रमांक असे दोन्ही लागतात; नुसत्या एकाने भलतीच मिळकत निघते. मिळकत पत्रिकेवर क्षेत्र कमी झाल्याचा फेरफार असेल तर त्यावरून रुंदी काढता येते. नसेल तर कापले नाही असे समजू नये, नोंद मागाहून होत राहते. भूमापन नकाशाशी प्रत्यक्ष मोजमाप लावावे. दुसरा फोटोचा : त्यात रस्त्यावर अगदी समोरासमोर उभी गाडी शोधायची. अॅम्बेसेडरची रुंदी १.६६ मीटर, पद्मिनीची १.४६, रिक्षाची सुमारे १.३. गाडी ज्या अंतरावर आहे नेमक्या त्याच अंतरावर रस्त्याच्या दोन्ही कडा मोजायच्या, पुढेमागे नाही. इतके करूनही दहा-पंधरा टक्के फरक पडतो, त्यामुळे एखाद्या फुटावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

'तेव्हा आणि आता' अशा जोडफोटोंमध्ये रस्ता खरा आहे त्याहून जास्त रुंद झालेला दिसतो, तो बहुधा मोबाइलमुळे. लेन्सचा आकडा (नाभीय अंतर, मि.मी.मध्ये) जितका लहान तितका कोन रुंद. जुन्या क्लिक कॅमेऱ्याची लेन्स ३५ मि.मी. रोलच्या हिशेबात चाळिसाच्या आसपास, एसएलआर कॅमेऱ्याची पन्नास. मोबाइलची मुख्य लेन्स चोवीस ते सव्वीस. त्याच जागी उभे राहून नंतर चौकट कापली तर काही बिघडत नाही. पण लोक चौकट भरायला चार पावले पुढे जातात, आणि तिथेच जवळच्या कडा फाकतात. म्हणून मोबाइल दीडपट ते दुप्पट झूमवर ठेवावा आणि जागा अशी शोधावी : जुन्या फोटोत जवळची एक आणि लांबची एक अशा दोन उभ्या रेषा घ्याव्यात, म्हणजे एखादा घराचा कोपरा आणि मागचे शिखर. त्या एकमेकींवर येईपर्यंत डावी-उजवीकडे सरकावे. मग दुसरी जोडी घेऊन पुढेमागे. कौपिनेश्वराचे शिखर आणि तळ्याकाठच्या चर्चचा दर्शनी भाग अजून कामाला येतात. पश्चिमेला येऊरची आणि पूर्वेला पारसिकची डोंगररेषा पूर्वी सर्वांत भरवशाची असे. आता टॉवरांच्या फटींतून जेवढी दिसेल तेवढीच.

रुंदीकरणानंतर स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिसचा (स्टेशन परिसरातील वाहतूक सुधारणा योजनेचा) पूल आला आणि खालचा चौक कायमचा सावलीत गेला. त्या चौकाचा जुन्या कोनातून फोटो आता निघतच नाही. वागळे इस्टेट आणि पोखरण रोडकडचे कारखाने गेले. गोल्डन डाइज नाक्यासारखी नावे बसच्या पाट्यांवर टिकली, पण कारखान्यांचे फोटो फारच थोडे, कारण गेटच्या आत कॅमेऱ्याला बंदी आणि बाहेर काढण्यासारखे काही नाही. मिळतात ते गेटसमोरचे, संपातले किंवा निवृत्तीच्या निरोपाचे. टेंभी नाक्याजवळचे जिल्हा रुग्णालय अलीकडेच नव्या इमारतीसाठी पाडले गेले, आणि तिथे जन्मलेल्या पिढ्यांच्या अल्बममध्ये त्याचा व्हरांडा मात्र नवजात बाळांच्या मागे सापडत राहतो.

सध्या गल्ल्या बदलतात त्या धोकादायक इमारतींच्या यादीने आणि क्लस्टरने, म्हणजे अनेक इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाने. पावसाळ्याआधी जाहीर होणाऱ्या यादीत 'सी-१' म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची. ती यादी हेच फोटो काढायचे वेळापत्रक मानावे, फक्त सी-१ इमारतीच्या आत किंवा गच्चीवर जाऊ नये. रस्त्यावरून समोरचा फोटो सकाळी आठच्या आत, दुकाने उघडण्यापूर्वी; शटरवरचे नाव त्याच वेळी दिसते. दोन्ही बाजूंच्या भिंती, गल्लीतून मागची बाजू, आणि एक फोटो शेजारच्या दोन्ही इमारती चौकटीत येतील असा लांबून. एका फोटोत मोजपट्टी किंवा निदान माणूस उभा असावा. फाइलच्या नावात तारीख, गल्लीचे लोक म्हणतात ते नाव, टिका आणि सिटी सर्व्हे क्रमांक. इमारतीच्या नावावर थांबू नये, कारण पुनर्विकासात सगळ्यात आधी बदलते ते तेच.