ओशेनिया आणि लोकशाही शासन

ओशेनिया हे जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या कादंबरीतील काल्पनिक सर्वंकष सत्तेचे राष्ट्र. लोकशाही सरकारने फोन चोरून ऐकले, कॅमेरे बसवले किंवा एखादी बातमी दडपली, की टीकाकार हमखास या राष्ट्राचे नाव घेतात. ‘बिग ब्रदर’ हा तिथल्या सर्वसत्ताधीशासाठीचा शब्द तर कादंबरी न वाचलेल्यांच्याही तोंडी बसला आहे.

ही तुलना बहुधा पाळतीपाशीच थांबते. घरात बसवलेला, माणसावर नजर ठेवणारा टेलिस्क्रीन नावाचा पडदा आणि मनातला विचार हुडकणारे पोलीस वाचकाच्या लक्षात राहतात, हे खरे. पण ओशेनियाचा कणा म्हणजे नोंदींवरचा ताबा. नायक विन्स्टन स्मिथ सत्य मंत्रालयाच्या नोंद विभागात कामाला आहे. चॉकलेटचे रेशन या वर्षी कमी होणार नाही, असे वचन सरकारने फेब्रुवारीत दिलेले असते. प्रत्यक्षात ते ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर येणार असते. म्हणून विन्स्टन जुन्या अंकातले वचन काढून त्या जागी ‘एप्रिलमध्ये कपात करावी लागेल’ असा इशारा घालतो आणि मूळ कागद भट्टीकडे जाणाऱ्या भोकात टाकतो. पुढे रेशन २० ग्रॅमपर्यंत ‘वाढवल्या’बद्दल लोक बिग ब्रदरचे आभार मानायला मिरवणुका काढतात. सरकार खोटे बोलले हे सिद्ध करायला कुणाच्या हाती काहीच उरत नाही.

सरकारे लोकशाहीतही खोटे बोलतात, पाळतही ठेवतात. अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था सामान्य नागरिकांच्या दूरध्वनींच्या नोंदी सरसकट गोळा करत होती, हे एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ मध्ये उघड केले. म्हणून राज्यकर्त्यांनी काय केले याची नोंद त्यांच्या हाताबाहेर टिकते का, आणि ती पुढे करून त्यांना जाब विचारता येतो का, ही कसोटी अधिक उपयोगी पडते.

भारतातील आणीबाणी (२५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७) या कसोटीवर तपासण्याजोगी आहे. पहिल्याच रात्री दिल्लीतील बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. सेन्सॉरशिप लागू झाली, विरोधक ‘मिसा’ या खटल्याविना डांबून ठेवण्याच्या कायद्याखाली स्थानबद्ध झाले. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असतानाच लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली; पुढे त्यांनाही तुरुंगात जावे लागले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. बहुमतात न्या. य. वि. चंद्रचूड होते. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले. शेवटच्या न्यायालयातील भिन्नमत हे भविष्यातल्या एखाद्या दिवसाच्या शहाणपणाला केलेले आवाहन असते, हे अमेरिकी न्यायाधीश ह्यूज यांचे म्हणणे त्यांनी निकालपत्रात उद्धृत केले. जानेवारी १९७७ मध्ये सेवाज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास दिले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

त्यांचे निकालपत्र मात्र कायद्याच्या अहवालांत जसेच्या तसे छापले गेले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क न्यायालयात मागण्यावर बंदी घालता येणार नाही, असे ठरवले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूरचा निकाल रद्द ठरवला. तसे लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे बहुमतातल्या चंद्रचूडांचेच पुत्र.

नोंद आपोआप टिकत नाही. आणीबाणीतील गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालाच्या प्रती पुढे मिळेनाशा झाल्या. माजी खासदार एरा सेझियन यांनी आपल्याजवळची प्रत जपली होती. तो अहवाल त्यांनी २०१० मध्ये पुस्तकरूपाने पुन्हा प्रसिद्ध केला. ओशेनियात अशी प्रत घरात सापडणे हाच गुन्हा ठरला असता.

निवडणूक हा दुसरा मोठा फरक. १९७७ मध्ये इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या आणि पायउतार झाल्या. ओशेनियात सत्ताधारी पक्षाला हरवण्याची वाटच नाही.

ताज्या कायद्यांकडेही याच नजरेने पाहावे लागते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सरकारी फाइल नागरिकाला उघडून दिली. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने एकीकडे आपल्या पसंतीच्या सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला, तर दुसरीकडे माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम आणखी आवळले. लोकहितासाठी माहिती देण्याची सर्वसाधारण तरतूद माहिती अधिकार कायद्यात अजून शिल्लक आहे आणि अर्जदारांची भिस्त आता तिच्यावर आहे.